बसतं, पण चालत नाही

मराठीत कॉम्प्युटरबद्दल लिहिलं पुष्कळ जातं, त्याची समीक्षा मात्र होत नाही. नवा प्रोसेसर आला, नवी विंडोज आली, आता लॅपटॉपच्या पोटात एआयसाठी वेगळी चिप असणार, या बातम्या वेळच्या वेळी छापून येतात. काय वाढलं ते त्यांत असतं, काय बंद पडलं ते नसतं. एखाद्या पुस्तकाबद्दल कुणी लिहिलं की नवी आवृत्ती निघाली आहे, कागद पांढराशुभ्र आहे, बांधणी पक्की आहे, आणि जुन्या आवृत्तीतली चार प्रकरणं गाळल्याचं सांगितलंच नाही, तर त्याला आपण परीक्षण म्हणणार नाही. यंत्रांच्या बाबतीत ही गाळलेली प्रकरणंच धंदा करणाऱ्या माणसाला सगळ्यात महाग पडतात.

विषय रुक्ष आहे हे आधीच सांगतो. पुस्तकी भाषेत त्याला हार्डवेअरची सुसंगतता म्हणतात. लोणावळ्याच्या बाजारात हा शब्द कुणी उच्चारत नाही. गिऱ्हाईक विचारतं, ‘हे ह्याला चालेल का?’ आणि दुकानदार म्हणतो, ‘बसेल की.’ प्रश्न चालण्याचा असतो, उत्तर बसण्याचं मिळतं. या दोन क्रियापदांमध्ये जेवढी फट आहे तेवढ्यात हा लेख मावतो.

मी औंढ्यात राहतो आणि लोणावळा ते पवनानगर या पट्ट्यातल्या लहान धंद्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. होमस्टे, चिक्कीची दुकानं, एक पॅथॉलॉजी लॅब, दोन सीए आणि एक डीटीपीचं दुकान, जे पूर्वी छापखाना होतं. आमच्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. इथे मदरबोर्ड म्हातारपणाने मरत नाहीत, दमटपणाने मरतात. त्यामुळे आठ वर्षं टिकलेलं यंत्र म्हणजे घरातल्या माणसासारखं असतं. कुठल्या बटणाला जरा जोर लावायचा, कुठला पंखा कधी कुरकुरतो, सगळं माहीत झालेलं असतं. अशी जुनी, धडधाकट, रोज बिलं फाडणारी यंत्रं १४ ऑक्टोबर २०२५ ला एका दिवसात कालबाह्य ठरली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. यंत्रं दुसऱ्या दिवशीही सुरू झाली. आमच्या डीटीपीवाल्या काकांनी मला विचारलं, ‘अरे, चालू आहे ना? मग मेलं कसं?’ 

प्रश्न बरोबर आहे. विंडोज १० मेली नाही, तिची डागडुजी थांबली. सुरक्षेची भोकं बुजवणारी दुरुस्ती येणं बंद झालं. पैसे भरले तर धंद्यांना ती आणखी तीन वर्षं मिळते: पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट. म्हणजे ६१, १२२, २४४. तीन वर्षांची बेरीज ४२७ डॉलर होते, आणि तेवढ्यात आमच्याकडे साधा नवा डबा येतो. हा भाव दुरुस्तीचा नसून कंटाळा आणण्याचा आहे. घरगुती वापरणाऱ्याला एक वर्षाची मुदत बरीच स्वस्तात, काही अटींवर फुकटही मिळाली. दुकानाला ती सवलत नाही.

मग विंडोज ११ का टाकू नये? तिच्या अटींपैकी रॅम आणि डिस्कच्या अटी किरकोळ आहेत, ४ जीबी आणि ६४ जीबी. अडतं ते दोन ठिकाणी. एक, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी, किंवा प्रोसेसरमध्येच असलेली तिची सोय. २०१६ नंतरच्या पुष्कळ यंत्रांत ही सोय असते, फक्त बायॉसमध्ये बंद असते. तपासणी करणारा प्रोग्रॅम ‘तुमचं यंत्र चालणार नाही’ असं सांगतो आणि माणूस नवं यंत्र घ्यायला निघतो. प्रत्यक्षात बायॉसमध्ये जाऊन एक बटण दाबायचं असतं. मी अशी यंत्रं परत माणसांत आणली आहेत. 

दुसरी अट जास्त विचित्र आहे. प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असायला हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीच्या बाबतीत रायझन २००० पासून. इंटेलच्या सातव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आले २०१७ च्या जानेवारीत, आठव्या पिढीचे त्याच वर्षाच्या उत्तरार्धात. म्हणजे २०१७ च्या दिवाळीत ज्याने दुकानात उरलेला सातव्या पिढीचा माल जरा स्वस्तात घेतला, त्याचं यंत्र चार वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आली तेव्हा, रेषेच्या अलीकडे राहिलं. त्यात टीपीएम २.० असलं तरी. याचं समर्थन सुरक्षा आणि स्थैर्य या दोन शब्दांनी केलं गेलं, आणि ते समर्थन अगदीच पोकळ नाही. पण २०२१ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने या यादीत थोडी भर घातली. त्या भरीत सातव्या पिढीचा एक प्रोसेसर आहे, कोअर आय-७ ७८२०एचक्यू. तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या महागड्या यंत्रात होता. समीक्षकाने अशा जागी थांबायला हवं. नियमाला अपवाद कुणासाठी केला गेला हे पाहिलं की नियम कशासाठी होता तेही कळतं.

आता बसण्या-चालण्याचा खरा खेळ बघा. सातव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला एलजीए ११५१ म्हणतात. खाचेत ११५१ टोकं असतात म्हणून. आठव्या पिढीचा प्रोसेसरही ११५१ टोकांचाच. आकार तोच. मग जुना काढून नवा बसवला की झालं? नाही. इंटेलने आठव्या पिढीसाठी नवा ३०० मालिकेचा चिपसेट सक्तीचा केला आणि टोकांच्या जोडण्या बदलल्या. जुन्या मदरबोर्डात नवा प्रोसेसर बसतो, पण चालत नाही. म्हणजे विंडोज ११ ने जिथे रेषा ओढली, नेमकी तिथेच ती ओलांडण्याचा स्वस्त मार्ग चार वर्षं आधीच बंद झालेला होता. दोन कंपन्यांनी ठरवून हे केलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. ज्याच्या टेबलावर ते यंत्र आहे त्याला परिणाम मात्र एकच दिसतो: तीन-चार हजारांच्या सुट्या भागाऐवजी अख्खं नवं यंत्र.

त्याच काळात एएमडीने काय केलं ते शेजारी ठेवून पाहू. त्यांची एएम४ ही खाच रायझनबरोबर २०१७ च्या मार्चमध्ये लोकांपर्यंत पोचली. पहिले रायझन १००० विंडोज ११ च्या यादीत नाहीत. पण २०२० च्या अखेरीस आलेल्या रायझन ५००० मालिकेसाठीही खाच तीच राहिली. सुरुवातीच्या ३०० मालिकेच्या मदरबोर्डांवर हे नवे प्रोसेसर चालवायला एएमडी आधी तयार नव्हती. गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला आणि २०२२ मध्ये बायॉसचं अद्यतन देऊन तीही वाट मोकळी झाली. पाच वर्षांपूर्वीचा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, विंडोज ११ सुखात. आमच्या चिक्कीच्या एका दुकानातलं यंत्र मी असंच वाचवलं. मालकाने फक्त प्रोसेसरचे पैसे दिले आणि वर एक अर्धा किलो शेंगदाण्याची. 

दोन्हीकडे सिलिकॉन तेच, भौतिकशास्त्र तेच. फरक पडला तो जुन्याला सोबत घेण्याचा खर्च कुणीतरी करायचं ठरवल्यामुळे. सुसंगतता यंत्रात नसते, ती कुणीतरी दिलेल्या आणि पाळलेल्या शब्दात असते, असं माझं म्हणणं आहे.

हे समजायला लोणावळ्याच्या माणसाला कॉम्प्युटरची गरज नाही. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट आहे, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि लोणावळ्याला सुटतात, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. या मार्गावर अनेक दशकं १,५०० व्होल्टची डीसी वीज होती, आणि देशात इतरत्र २५,००० व्होल्टची एसी आली. रेल्वेने एका रात्रीत तारा बदलून ‘तुमचं इंजिन चालणार नाही’ अशी पाटी लावली नाही. दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं बांधून घेतली, वर्षानुवर्षं ती चालवली, टप्प्याटप्प्याने बदल केला, आणि मुंबई भागातल्या मुख्य मार्गाचा शेवटचा टप्पा जून २०१५ मध्ये पुरा झाला. फक्त डीसीवर चालणारी इंजिनं शेवटी निवृत्त झालीच. पण प्रवासी कर्जतला अडकला नाही. दोन विजांचं इंजिन महाग असतं, जड असतं, आणि काम झालं की त्याची कुणी आठवण काढत नाही.

आता मराठीकडे येतो. हा लेख साहित्याच्या वाचकांपुढे ठेवण्याचं कारण तिथे आहे.

काकांच्या दुकानात मागच्या खोलीत एक यंत्र आहे. विंडोज एक्सपी, पेजमेकर ७, आणि मागे प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात खोचलेलं एक बोटभर लांबीचं डोंगल. हे डोंगल म्हणजे मराठी फॉन्टच्या संचाचं कुलूप. प्रोग्रॅम सुरू होताना ते पोर्टात आहे का बघतो. नसेल तर मराठी उमटत नाही. चोरी थांबावी म्हणून केलेली सोय होती, आणि चोरी इतकी होती की तिला नावं ठेवता येत नाहीत. पण तो रुंद पोर्ट आता नव्या यंत्रांवर मिळत नाही. यूएसबीतून तसा पोर्ट करून देणारी वायर स्वस्तात मिळते, तिच्यावर जुना प्रिंटर चालतोही. कुलूप चालत नाही, कारण ते पोर्टाशी ज्या थेट पद्धतीने बोलतं ती वायर समजत नाही. बसतं, पण चालत नाही. शिवाय त्या काळचे काही मराठी प्रोग्रॅम १६ बिटांचे होते. असे प्रोग्रॅम ३२ बिटांच्या विंडोजवर कसेबसे चालत. ६४ बिटांच्या विंडोजवर चालतच नाहीत. विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच नाही. ‘नवी विंडोज आली’ या बातमीत हे वाक्य मी मराठीत एकदाही वाचलं नाही. खरं तर एका संपूर्ण पिढीच्या सॉफ्टवेअरच्या मृत्यूची ती नोंद आहे.

यंत्र वाचवता येतं, निदान काही काळ. फायलींचं काय? पेजमेकर १९८५ मध्ये आलं, मराठी प्रकाशनव्यवसायाच्या हातात पडलं ते पुढच्या दशकात, आणि त्याची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ ची. युनिकोड त्याला कधी कळलंच नाही. त्याच कंपनीचं इनडिझाइन पेजमेकरच्या फायली उघडत असे, पण ती सोय सीएस६ या २०१२ च्या आवृत्तीपर्यंतच राहिली. पुढच्या इनडिझाइनला स्वतःच्या थोरल्या भावाचं अक्षर वाचता येत नाही. टाइप १ जातीच्या फॉन्टांचा आधार अडोबीने २०२३ च्या जानेवारीत काढून घेतला. म्हणजे १९९८ च्या दिवाळी अंकाची फाइल आज उघडायची तर एक जुनं यंत्र, त्यावर एक जुना प्रोग्रॅम, त्याचं कुलूप आणि नेमका तोच फॉन्ट, एवढे सगळे एका खोलीत जिवंत हवेत.

आणि फाइल उघडली तरी आत मराठी नसतं. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो. त्या काळच्या फॉन्टांनी एक युक्ती केली होती. कॉम्प्युटरला वाटायचं की आपण रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची आणि डॉलरची चिन्हं साठवतो आहोत. फॉन्टने त्या प्रत्येक चिन्हाच्या अंगावर देवनागरीचा एखादा तुकडा चढवलेला असायचा. अर्धा क एका जागी, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. छापलेलं पान सुंदर दिसायचं. फॉन्ट काढून घेतला की खाली रोमन कचरा. बरं, हा कचरा तरी सगळ्यांचा सारखा असावा? प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकाच कंपनीच्या दोन संचांत फरक. आणि क्रम डोळ्याला दिसतो तो: ‘कि’ मधली ऱ्हस्व वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, क आधी आणि वेलांटी नंतर. त्यामुळे रूपांतर म्हणजे नुसती अक्षराला अक्षर बदलणं नव्हे. शब्द उकलून पुन्हा विणावा लागतो. रफार तर आपल्या अक्षराच्या मागून येऊन डोक्यावर बसलेला असतो. त्याला उचलून आधी नेताना जोडाक्षराची सुरुवात कुठे होते हे प्रोग्रॅमला कळलं नाही तर ‘मूर्च्छा’चं काय होतं ते बघवत नाही.

ढोबळमानाने १९९० ते २०१० या काळात मराठीत जे छापलं गेलं, त्यातलं पुष्कळ अशा फायलींत आहे. लघुनियतकालिकं, दिवाळी अंक, संस्थांचे सुवर्णमहोत्सवी ग्रंथ, कवितांचे पातळ संग्रह. छापलेल्या प्रती आहेत म्हणून आपण निर्धास्त असतो. पण नवी आवृत्ती काढायची म्हटली की प्रकाशक पुस्तक पुन्हा टाइप करायला देतो, कारण फाइल सोडवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. पुन्हा टाइप करताना नव्या चुका येतात, त्या नव्या आवृत्तीत छापल्या जातात, आणि पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांना पन्नास वर्षांनी काम मिळतं. शिशाच्या खिळ्यांपासून लेखनिकांच्या पोथ्यांपर्यंत आपण मागे जातो ते असं.

याच्या उलट जे घडलं त्याची कुणी फारशी वाखाणणी करत नाही, म्हणून ती इथे करतो. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्डचा आराखडा प्रमाण ठरवला. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं लिपीचं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं, आणि जिस्ट कार्ड तयार झालं. हे कार्ड म्हणजे शुद्ध हार्डवेअर: पीसी उघडून मदरबोर्डवरच्या खाचेत खोचायचं. मग डॉसवरचे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम, हिशेबाचे असोत की याद्यांचे, मराठी दाखवू लागत. प्रोग्रॅमला पत्ताही नसे. पुण्याच्या सी-डॅकचं नाव निघालं की आपल्याला परम ८००० आठवतो, १९९१ चा महासंगणक. तो अभिमानाचा विषय आहेच. पण तलाठ्याच्या, कारकुनाच्या, छोट्या वर्तमानपत्राच्या दृष्टीने पाहिलं तर जिस्ट कार्डाचं मोल मला जास्त वाटतं.

ती खाच आज नाही. कार्ड कुठे असेल तर कुणाच्या माळ्यावर. पण कार्डाच्या आत जी अक्षरांची क्रमवारी होती, इस्की नावाची, ती १९९१ मध्ये आयएस १३१९४ या नावाने भारतीय मानक झाली. तिच्या १९८८ च्या रूपावरूनच युनिकोडने देवनागरीचा तक्ता बेतला. आज फोनवर जो ‘क’ आपण उमटवतो, त्याच्या पुढच्या-मागच्या शेजाऱ्यांचा क्रम तिथून आलेला आहे. आणि इनस्क्रिप्ट तर जसाच्या तसा विंडोजमध्ये, मॅकमध्ये, लिनक्समध्ये आहे. १९९० साली जो माणूस त्यावर बसून शिकला त्याला आज कुठल्याही नव्या यंत्रावर काही विकत घ्यावं लागत नाही. हार्डवेअर गेलं, शब्द पाळला गेला. फॉन्ट-कंपन्यांच्या फायलींत नेमकं याच्या उलट झालं. पानं देखणी दिसली आणि शब्द कुणी दिलाच नव्हता.

अर्थात युनिकोड आलं म्हणून सगळं सुरळीत झालं, ही समजूतही बातम्यांनीच पसरवली आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र, जो हिंदीला लागत नाही आणि मराठीला पदोपदी लागतो, युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. दोन्ही इथे छापून दाखवले असते, पण उपयोग नाही, ते तंतोतंत सारखेच दिसतात. कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका रीतीने शोधलं की दुसऱ्या रीतीने लिहिलेलं सहसा सापडत नाही. पायऱ्या, वाऱ्या, दऱ्या, गोऱ्या, बिचाऱ्या: कोश करणाऱ्याने किंवा एखाद्या लेखकाच्या सगळ्या लेखनातून एक शब्द शोधणाऱ्याने काय समजायचं? तसंच ‘ॲ’चं. मराठीला हवा असलेला अ-वर-चंद्र युनिकोडमध्ये आला २००८ साली. तोवर लोक ए-वर-चंद्र, म्हणजे ‘ऍ’, वापरून वेळ मारून नेत. आजही एकाच होमस्टेच्या यादीत ‘ॲडव्हान्स’ दोन तऱ्हांनी लिहिलेला असतो आणि बेरीज चुकते. यासाठी नवा प्रोसेसर लागत नाही. मानक ठरवणाऱ्या टेबलावर मराठीचं माणूस वेळेवर हजर असावं लागतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी जुन्याचा कैवारी आहे, विंडोज १० वरच राहा म्हणतोय. तसं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तेव्हा त्याने ज्या भोकातून शिरकाव केला त्याची दुरुस्ती दोन महिने आधी मिळालेली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती ते बुडाले. होमस्टेच्या कॉम्प्युटरवर पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या प्रती असतात, लॅबच्या कॉम्प्युटरवर लोकांचे रिपोर्ट. दुरुस्ती न मिळणारं यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणं म्हणजे एक्सप्रेसवेवर ब्रेक नसलेली गाडी घालणं. तेव्हा मायक्रोसॉफ्टने सुरक्षेचा आग्रह धरला यात काही वावगं नाही. माझी तक्रार आहे ती आग्रहाचा खर्च कोणाकडून वसूल केला याबद्दल, आणि तो खर्च बातमीत न दिसण्याबद्दल.

आता नवी लाट. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस पीसी असा एक वर्ग जाहीर केला. त्यात यायचं तर एआयची कामं करणारा वेगळा भाग, एनपीयू, सेकंदाला ४० लाख कोटी आकडेमोडी करणारा हवा, रॅम किमान १६ जीबी, डिस्क २५६ जीबी. आता लोणावळ्यातही लॅपटॉपवर एआयचा स्टिकर दिसतो आणि गिऱ्हाईक विचारतं, ‘घेऊ का?’ 

एक समीक्षक म्हणून मला या स्टिकरमध्ये दोन गोष्टी खटकतात. पहिली, तो वेग सांगतो, भाषा सांगत नाही. चाळीस लाख कोटी आकडेमोडी करून हे यंत्र मराठीतलं बोलणं उतरवून घेईल का, मराठी पत्राचा मसुदा सुधारेल का, की ‘दुसऱ्या’ला ‘दुसर्या’ करून ठेवेल, याबद्दल खोक्यावर अवाक्षर नसतं. दुसरी, ज्या कामासाठी दुकानात यंत्र असतं, म्हणजे बिल, जीएसटीचा भरणा, डिजिटल सहीचं टोकन, बारकोडचा प्रिंटर, त्यांतल्या एकालाही एनपीयू लागत नाही. त्यांना लागतो ड्रायव्हर. आणि इथे एक गाळलेलं प्रकरण आहे: या वर्गातली पहिली यंत्रं इंटेल-एएमडीच्या नव्हे, क्वालकॉमच्या आर्म जातीच्या प्रोसेसरवर आली. साधे प्रोग्रॅम त्यांवर भाषांतर करून चालवता येतात, पण ड्रायव्हरचं भाषांतर होत नाही. तो आर्मसाठीच लिहिलेला असावा लागतो. ज्याच्याकडे पाच वर्षांपूर्वीचा बिलाचा प्रिंटर आहे त्याने असा देखणा, दिवसभर बॅटरी टिकणारा लॅपटॉप घेतला, की प्रिंटरची वायर त्यात बसते. पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

१६ जीबी रॅमची अट मात्र मला पटते, एआयमुळे नव्हे, ब्राउझरमुळे. फक्त २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, कारण तीच चिप बनवणारे कारखाने एआयच्या प्रचंड केंद्रांना माल पुरवण्यात गुंतले आहेत. म्हणजे ज्या एआयसाठी रॅम वाढवायला सांगतात, त्याच एआयने ती महाग केली. हे ऐकून लॅबवाल्या मॅडम हसल्या नाहीत.

त्यांना मी सुचवलं ते असं: आठव्या पिढीच्या पुढचं, ऑफिसांतून निघालेलं जुनं यंत्र घ्या, टीपीएम चालू करा, विंडोज ११ टाका, आणि पैसे रॅममध्ये घाला. रिपोर्ट छापणारं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला लिहून विचारा की ते ६४ बिटांचं आहे का आणि त्यातला डेटा साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतो का. पुरवठादाराने पहिल्याचं उत्तर लगेच दिलं. दुसऱ्याचं आलेलं नाही. होमस्टेवाल्यांपैकी दोघांना लिनक्स बसवून दिलं. त्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये चालतं आणि मराठी त्यावर उत्तम दिसतं. सीए मंडळींना ते चालण्यासारखं नाही, कारण त्यांचा टॅली थेट त्यावर चालत नाही. एएम४ च्या मदरबोर्डवाल्यांना मी प्रोसेसर बदलायला सांगतो आणि सातव्या पिढीच्या इंटेलवाल्यांना चहा पाजतो.

काकांचं एक्सपीचं यंत्र इंटरनेटपासून तोडून तसंच ठेवलं आहे. आठवड्यातून दोन दुपारी त्यावर एकेक अंक उघडतो, मजकूर बाहेर काढतो, नव्या यंत्रावर युनिकोडमध्ये उलगडतो आणि छापील प्रतीशी ताडून पाहतो. २००३ पर्यंत पोचलो आहोत. त्या वर्षी काकांनी मधेच फॉन्टचा संच बदलला होता, त्यामुळे अंकाची पहिली ऐंशी पानं एका तक्त्याने सुटतात आणि उरलेली दुसऱ्या तक्त्याने. कुठलं पान कुठलं हे काकांना आठवतं. कॉम्प्युटरला नाही.